रूळ अडवणारे आम्ही आता गाडी मागतो



कापसाच्या भावासाठी आम्ही रुळांवर बसलो आहोत. लाठ्या खाल्ल्या आहेत, तुरुंगाची भाकरी खाल्ली आहे. आज तेच आम्ही 'गाडी सुरू करा' ही मागणी घेऊन जिल्हा बैठकीत उभे राहिलो, तर कोणी हसेल. काल गाडी अडवत होते, आज गाडीसाठी रडतात, असे म्हणेल. म्हणू द्या. अडवायलासुद्धा आधी गाडी असावी लागते. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावर आज कोणी रेल रोको करायचे ठरवले, तर त्याला रुळांवर बाभळी आणि गवत एवढेच सापडेल. तिथे सरकारला अडवायची सोयच उरलेली नाही. गाडी गेली आणि तिच्याबरोबर आपले दार ठोठवायचे कोयंडेही गेले.

या अंकात आम्ही शकुंतलेविषयी लिहितो आहोत. कापसाचा भाव, विजेचे बिल, कर्ज, पीकविमा इतके विषय डोक्यावर असताना रेल्वेचा विषय कशाला, असे काही कार्यकर्त्यांनी विचारले. त्यांनाही उत्तर द्यायचे आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात जे चार पैसे पडतात, त्यातला एक पैसा रस्त्यावर सांडतो. तालुक्याला जाणे, दवाखान्यात जाणे, कोर्टात जाणे, पोराला कॉलेजात पाठवणे, लेकीला माहेरी आणणे, या खर्चाची नोंद आपल्या उत्पादनखर्चाच्या तक्त्यात कधी धरली जात नाही. आपणही धरत नाही. तो खर्च खिशातून जातो आणि विसरला जातो.

गाडी आली ती कापसासाठी

ही गाडी आपल्यावर उपकार म्हणून आली नव्हती, हे आधी समजून घेऊ. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि साहेबाची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर खिळली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा छोटा फाटा झाला. अंतर अवघे तेरा किलोमीटर, पण तो सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. तेरा किलोमीटरच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, तेव्हा तो माणसांसाठी आलेला नसतो. तो खामगावच्या कापूस बाजारासाठी आला होता.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मुख्य मार्गापासून आत असलेल्या बाजारपेठांपर्यंत रूळ नेण्याचे काम किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने केले. मूर्तिजापूरहून एक फाटा दक्षिणेला कारंजा, दारव्हा करत यवतमाळला गेला, तो ११३ किलोमीटरचा. दुसरा उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला गेला, तो ७६ किलोमीटरचा. तिसरा पुलगावहून आर्वीला, ३५ किलोमीटरचा. तिन्ही फाटे अरुंद, अडीच फुटी रुळांचे. नकाशा समोर ठेवा आणि स्टेशनांची नावे वाचा. जिथे जिनिंग-प्रेसिंग होते, तिथे स्टेशन होते. रुईच्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायच्या, मुंबईच्या बंदरात जायच्या आणि तिथून मँचेस्टरला. या मार्गावर जे वाफेचे इंजिन धावले तेही १९२१ साली मँचेस्टरलाच बांधलेले होते. कच्चा माल तिकडे, पक्का माल इकडे. साहेबाचा हिशेब असा चोख होता.

गाडी कापसासाठी जात होती. माणसे तिच्यात बसली, कारण ती जातच होती. आपल्या आज्या-पणज्यांनी त्या गाडीला आपले केले. यवतमाळच्या कचेरीत तारीख असलेला शेतकरी, कारंज्याच्या गुरुमंदिरात निघालेली म्हातारी, अंजनगावच्या बाजारात पानाची किंवा भाजीची डाली घेऊन जाणारी बाई, वेचणी-सोंगणीच्या हंगामात कामाच्या शोधात निघालेले मजूर, हे तिचे उतारू. लोकांच्या तोंडी तिचे नाव शकुंतला पडले. कंपनीच्या कागदावर ती मालमत्ता होती, गावाच्या तोंडी ती घरातली पोर होती.

गाडी कशी मेली

वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ ला थांबले आणि डिझेलचे आले. रूळ मात्र तेच राहिले. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर गाडी नेता येत नव्हती. फाटक आले की गाडीवरचाच माणूस खाली उतरायचा, फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की उघडायचा आणि पुन्हा चढायचा. अचलपूरला पोचायला चार तास. परदेशातून लोक कॅमेरे घेऊन यायचे आणि ही गंमत टिपून न्यायचे. आपल्यासाठी ती गंमत नव्हती. आपला तो अख्खा दिवस होता.

मालकीचा घोळ वेगळाच. देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारी झाली, पण हा मार्ग कंपनीच्याच नावावर राहिला. गाड्या चालवायच्या मध्य रेल्वेने आणि मार्गाचा मोबदला द्यायचा कंपनीला. ज्या घराचा मालक एक आणि राहणारा दुसरा, त्या घराचे छप्पर कोण शाकारणार? मालक म्हणतो राहणाऱ्याने, राहणारा म्हणतो मालकाने. पाऊस दोघांच्याही डोक्यावर पडत नाही, तो आपल्या डोक्यावर पडतो. असे करत करत आर्वीची गाडी आधीच गेली, मग यवतमाळची गेली, मग अचलपूरची गेली. २०१६ मध्ये रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात या मार्गाच्या रुंदीकरणासाठी सुमारे १५०० कोटी रुपयांची घोषणा झाली. पेढे वाटले गेले, फलक लागले, सत्कार झाले. त्यानंतर जे झाले ते एवढेच, की रुंदीकरण होणार म्हणून जुनी गाडी परत आणण्याची गरज कोणाला वाटेना आणि जुनी गाडी नाहीच म्हणून रुंदीकरणाची घाई कोणाला वाटेना.

गोष्टीतल्या शकुंतलेला राजा विसरला, तेव्हा निदान अंगठी तरी सापडली आणि त्याला आठवण झाली. आपली शकुंतला चार जिल्ह्यांतून आणि तीन लोकसभा मतदारसंघांतून जाते. दर पाच वर्षांनी आपण बोटाला शाई लावून अंगठी परत नेऊन दाखवतो. राजाला आठवण काही होत नाही.

दहा रुपयांचा हिशेब

साध्या पॅसेंजर गाडीचे कमीत कमी भाडे आज दहा रुपये आहे. जवळच्या स्टेशनापर्यंत दहा रुपयांत माणूस जातो, सोबत डोक्यावरचे गाठोडे जाते. एसटीचे भाडे जानेवारी २०२५ मध्ये एका दमात जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढले. खरे ते बोलले पाहिजे. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना एसटी फुकट आहे, २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट आहे. त्याचा उपयोग आपल्या घरात झाला आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण अर्ध्या तिकिटाची गाडी गावात आली तर ना? गावाच्या फाट्यावर तासभर उभे राहून शेवटी माणूस काळी-पिवळीच्या टपावर चढतो किंवा दारात लोंबकळतो. त्या गाडीला वेळापत्रक नाही, दर नाही, आणि उलटली तर जाब विचारायला कोणी नाही.

साधा हिशेब मांडू. समजा दारव्ह्याजवळच्या एका गावातल्या घरात एक पोरगा यवतमाळला कॉलेजात जातो, घरातल्या म्हाताऱ्याला महिन्यातून दोनदा सरकारी दवाखान्यात न्यावे लागते आणि बापाला बँक, तहसील, कोर्ट मिळून चार चकरा होतात. रेल्वेच्या महिन्याच्या पासावर पोरगा जितक्या पैशांत महिनाभर जाईल, तितके पैसे जीपवाला काही दिवसांतच घेतो. म्हणून मग पोरगा यवतमाळला खोली करून राहतो. खोलीचे भाडे द्यायला बाप दोन क्विंटल कापूस पडत्या भावात दिवाळीच्या आधीच विकतो. भाव पुढे वाढतो तेव्हा घरात कापूस नसतो. आम्ही रेल्वेचा विषय का काढला, याचे हे उत्तर आहे. कापूस कधी विकायचा हे ठरवण्याची ताकद शेतकऱ्याच्या हातात राहायची असेल, तर त्याची रोजची गळती थांबली पाहिजे. गाडी ही त्या गळतीवरची एक बुचकळी आहे.

आणि ज्वारीवाल्याचे काय? ज्याच्याकडे विहीर आहे, बाग आहे, त्याचा माल घ्यायला ट्रक बांधावर येतो. डाळिंब, द्राक्षे, कांदा यांच्यासाठी ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून किसान रेल सोडली गेली, तिला झेंडे दाखवले गेले. चांगलेच झाले, त्या भावांचा माल लांब गेला. पण चार पोते ज्वारी आणि शंभर पेंढ्या कडबा असणाऱ्या माणसासाठी कोणी झेंडा दाखवत नाही. त्याचा माल एका गाडीच्या सामान डब्याएवढाही नसतो. त्याला वेगळी किसान रेल नकोच आहे. रोज धावणाऱ्या साध्या गाडीला एक सामानाचा डबा जोडला तरी त्याचे काम भागते.

जिथे रूळ आहेत तिथेही गाडी थांबेना

ज्यांच्या गावावरून मोठा मार्ग जातो त्यांनी खूश होऊ नये. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत सगळ्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा कित्येक साध्या पॅसेंजर गाड्यांना 'विशेष' किंवा 'एक्स्प्रेस' असे नवे नाव चिकटवले गेले. डबे तेच, वेग तोच, रूळ तेच. फक्त दहा रुपयांचे किमान भाडे तीस रुपये झाले. हे जवळपास चार वर्षे चालले. फेब्रुवारी २०२४ मध्ये, लोकसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, भाडे पुन्हा दहावर आले. तीस रुपये घेतले ते चुकीचे होते म्हणून कमी केले, की मते हवी होती म्हणून, हे ज्याने त्याने ठरवावे. पण लहान स्टेशनांवरचे जे थांबे त्या काळात गेले, त्यातले कित्येक परत आले नाहीत. म्हाताऱ्यांची तिकिटातली सवलत मार्च २०२० मध्ये गेली, ती तर गेलीच.

आधी रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जायचा. आपल्या भागाला काय मिळाले, काय नाही, यावर दोन दिवस तरी पेपरात ओरड व्हायची, खासदाराला गावात येऊन उत्तर द्यावे लागायचे. २०१७ पासून तो अर्थसंकल्प मोठ्या अर्थसंकल्पात मिसळून टाकला. आता शकुंतलेचे नाव शोधायचे तर शेकडो पानांच्या कागदात शोधावे लागते. आपल्यातल्या शिकल्या-सवरल्या पोरांनी हे काम अंगावर घेतले पाहिजे.

तोटा कोणाचा?

रेल्वेवाले म्हणतात, प्रवासी गाडीत तोटा आहे. तिकिटावरसुद्धा छापले जायचे, की भाड्यातून सरासरी ५७ टक्केच खर्च वसूल होतो. वाचणाऱ्याला वाटावे की आपण सरकारचे ओशाळे आहोत. मग उरलेला खर्च भरतो कोण? रेल्वे तो मालगाडीच्या उत्पन्नातून भरते. मालगाडीत काय जाते? कोळसा, सिमेंट, धान्य, खत. म्हणजे कोळशावरच्या विजेत, घराच्या सिमेंटमध्ये, बाजारातल्या धान्याच्या दरात तो पैसा आधीच कापला जातो. वीज आपण वापरतो, घर आपण बांधतो. प्रवासी गाडीचा तोटा आपणही भरतो आहोत. फक्त ज्या गाडीचा तोटा आपण भरतो, ती आपल्या स्टेशनावर थांबत नाही. शेजाऱ्याच्या लग्नाचा आहेर आपण करायचा आणि पंगतीत आपल्याला पान नाही, असा हा प्रकार आहे.

आम्ही भीक मागणारे नाही. या चळवळीने कधी फुकट मागितले नाही, घामाचे दाम मागितले. तेव्हा तोट्याची भाषा आम्हाला कळते. आम्ही एवढेच विचारतो, की हिशेब पुरा मांडा. मुंबई-पुण्याला कोट्यवधी लोकांच्या कामधंद्यासाठी लोकल चालते, तेव्हा तिच्या तोट्याबरोबर शहराचा फायदाही मोजला जातो. यवतमाळचा जिल्हा २०११ च्या जनगणनेत २७ लाखांच्या वर माणसांचा होता. त्या जिल्ह्याच्या ठिकाणाला गाडी नसण्याचा तोटा कोणत्या वहीत लिहिला आहे?

रूळ आले की काय होते

रूळ येऊन काय होते हे बघायला लांब जायला नको. बार्शी लाइट रेल्वेही आपल्या शकुंतलेसारखीच अडीच फुटी, १८९७ साली सुरू झालेली. तिचेही फोटो काढायला लोक यायचे. पण तिचे रुंदीकरण झाले, लातूर मोठ्या मार्गाला जोडले गेले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरच्या नळाला पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला गेली. पहिल्याच फेरीत दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी पोचले. रूळ अरुंदच राहिले असते तर ती गाडी मिरजेतून थेट लातुरात पोचली असती का? कोरडवाहू मुलखाने ही गोष्ट विसरू नये. दुष्काळ पुन्हा येणार आहे. तेव्हा पाणी आणि चारा आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने येणार, हे आज ठरायचे आहे.

दुसरे उदाहरण बीडचे. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला, तेव्हा अंदाज ३५३ कोटी रुपयांचा होता. नगरहून आष्टीपर्यंत गाडी आली सप्टेंबर २०२२ मध्ये आणि बीडला पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षे. दरम्यान खर्चाचा आकडा चार हजार कोटींच्या पलीकडे गेला. जे बाळ मंजुरीच्या वर्षी जन्मले, ते स्वतःचे पोर कडेवर घेऊन पहिली गाडी बघायला आले असेल. उशीर हा फुकट नसतो. त्याचे व्याज आपल्याच खात्यावर चढते.

तिसरे आपल्या दारातले. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा नवा मार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली. ती पुढे सरकेल तेव्हा यवतमाळला मोठी गाडी येईल, याचा आम्हाला आनंदच आहे. पण काही पुढारी आता म्हणू लागले आहेत, की नांदेडचा मार्ग होतोय मग शकुंतला कशाला? त्यांनी नकाशा उलटा धरला आहे. वर्ध्याचा मार्ग कारंजा-दारव्हा-मूर्तिजापूरला जात नाही, दर्यापूर-अंजनगाव-अचलपूरला तर नाहीच नाही. एका लेकाला सदरा शिवला म्हणून दुसऱ्याने उघडे फिरावे, हा कुठला न्याय?

आपल्याच लोकांच्या शंका

गावोगाव बोलताना तीन-चार शंका पुन्हा पुन्हा निघाल्या. त्या बाजूला सारणे बरोबर नाही.

पहिली शंका, जीप लवकर पोचते, बैलगाडीच्या चालीची रेल्वे कोणाला हवी? बरोबर आहे. चार तासांची गाडी आम्हालाही नको. काही भली माणसे म्हणतात, जुनी गाडी वारसा म्हणून जपा, पर्यटकांसाठी चालवा. त्यांचे प्रेम खरे असेल, पण कापूस उत्पादकाला खेळण्यातली गाडी देऊन कोणी उपकार करू नयेत. जुने इंजिन संग्रहालयात ठेवावे, त्याला आम्ही हारही घालू. रुळांवर मोठी गाडी हवी.

दुसरी शंका जमिनीची. रुंदीकरणात वळणे सरळ करायला, भराव घालायला जास्त जमीन लागेल. ती कोणाची जाणार? आपलीच. ज्याच्या तीन एकरांतून भराव जाणार त्याला 'विकास होतोय' सांगून गप्प करता येणार नाही, आणि या चळवळीने तसे करूही नये. मोजणी त्याच्यासमोर झाली पाहिजे, मोबदला ताबा घेण्याआधी मिळाला पाहिजे आणि शेताचे दोन तुकडे झाले तर पलीकडच्या तुकड्यात जायला वाट मिळाली पाहिजे.

तिसरी शंका आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मोठ्या मार्गावर आता बिनराखणीची फाटके ठेवत नाहीत. पुष्कळ ठिकाणी रुळांखालून भुयारी रस्ता काढतात. कागदावर तो छान दिसतो. पावसाळ्यात त्यात कंबरभर पाणी साचते आणि ऐन निंदणीच्या, फवारणीच्या दिवसांत शेत पलीकडे आणि शेतकरी अलीकडे अशी गत होते. हंगामात कापूस भरलेली गाडी उंचीमुळे खालून जात नाही, मग चार-पाच किलोमीटरचा वळसा. हे दोष आजच सांगितले तर आराखड्यात बदलता येतात. सिमेंट ओतून झाल्यावर निवेदने देऊन काही होत नाही. म्हणून ज्यांच्या गावातून रूळ जातात, त्यांनी आपल्या शिवारातली प्रत्येक वाट, प्रत्येक नाला, पाणी कुठे साचते, गाडी किती उंच भरते, याची यादी करून बैठकीला आणावी.

आमचाही एक गुन्हा

आता एक कडू गोष्ट. शकुंतला तोट्यात गेली त्यात आपलाही वाटा आहे. आम्ही स्वतः त्या गाडीत बिनतिकीट बसलो आहोत. खिडकीवर गर्दी होती, गाडी हलली होती, कोणी विचारणारे नव्हते, अशी हजार कारणे आम्ही मनाला सांगितली. पाच-दहा रुपये वाचवले आणि फुशारकी मारली. रेल्वेच्या वहीत मात्र त्या दिवशी लिहिले गेले, की या स्टेशनावर उतारू नाहीत. स्टेशन बंद करायला याहून चांगला पुरावा काय हवा? बाजारात व्यापाऱ्याने मापात दोन किलो मारले तर आपण आडतीसमोर ठिय्या देतो. मग आपणच माप मारायचे का?

घामाच्या दामाची भाषा बोलणाऱ्याने दुसऱ्याच्या कामाचे दामही चुकवले पाहिजेत. म्हणून आमचा आग्रह आहे, की गाडीची मागणी करणाऱ्या ठरावातच एक ओळ अशी असावी: आम्ही तिकीट काढून बसू. ही ओळ असली की तोट्याचे रडगाणे गाणाऱ्या अधिकाऱ्यासमोर मान ताठ ठेवून बोलता येईल.

जिल्हा बैठकीपुढचा ठराव

बैठकीत चर्चा होऊन पुढील मागण्यांवर ठराव व्हावा, असे आम्ही सुचवतो.

१. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गाच्या रुंदीकरणाचे काम केव्हा सुरू होणार, केव्हा संपणार आणि दरवर्षी किती पैसा देणार, हे रेल्वेने आणि राज्य सरकारने लेखी जाहीर करावे. आर्वी-पुलगावचा प्रश्नही त्याच कागदावर असावा.

२. तोवर या मार्गाची जमीन कोणाच्याही घशात जाऊ नये. रूळ, पूल, स्टेशनच्या इमारती यांची आजची स्थिती पंचनामा करून नोंदवावी.

३. ज्या मोठ्या मार्गांवर आज गाड्या धावतात, तिथे सकाळी कचेरी-कॉलेजच्या वेळेला पोचवणारी आणि संध्याकाळी परत आणणारी साधी गाडी असावी. गेलेले थांबे परत द्यावेत.

४. साध्या गाडीला सामानाचा डबा असावा. पोतेभर माल घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला आणि डाली घेऊन जाणाऱ्या बाईला त्यात मानाने चढता यावे.

५. भूसंपादन, भुयारी रस्ते आणि नाल्यांवरच्या मोऱ्या यांचे आराखडे कामाआधी ग्रामसभेत मांडावेत.

६. जिनिंग असलेल्या गावांत रुईच्या गाठी, सरकी आणि खत चढवण्या-उतरवण्यासाठी मालधक्का असावा.

ठराव करून कागद फाइलीत गेला तर काही उपयोग नाही. म्हणून मार्गावरच्या प्रत्येक स्टेशनगावातून पाच माणसे निवडा, त्यात दोन बाया असल्याच पाहिजेत. त्यांनी घरोघर जाऊन लिहून घ्यावे: या घरातून महिन्याला किती माणसे, कुठे, कशासाठी जातात आणि किती खर्च होतो. सरकारकडे तोट्याची वही आहे. आपल्याकडे आपल्या खर्चाची वही असली पाहिजे. दोन वह्या समोरासमोर ठेवल्या की मग बघू कोणाचा तोटा मोठा आहे.

साहेबाने रूळ टाकले ते आपला कापूस न्यायला. कापूस गेला, साहेबही गेला, रूळ इथेच राहिले. ते रूळ आता आपल्या माणसांना नेण्या-आणण्यासाठी हवे आहेत. शंभर वर्षे गाडी आपला माल घेऊन गेली, आता तिने आपली पोरे संध्याकाळी घरी आणून सोडावीत. एवढीच मागणी आहे.

बैठकीला या. येताना शिवाराची यादी आणि खर्चाची वही घेऊन या. आणि यायला ज्यांच्या गावावरून गाडी आहे, त्यांनी तिकीट काढून या.